बोटांच्या सिस्टर

चाकणच्या त्या हॉस्पिटलच्या फाटकावर जाऊन विजयश्री सिस्टर कुठे भेटतील असं विचारलं, तर वॉचमन उलट विचारतो, "कोणत्या? बोटांच्या का?"

सोळा वर्षांपासून त्या हाताच्या वॉर्डात आहेत. तळेगाव रस्त्यापासून महाळुंगेपर्यंत जेवढ्या म्हणून पत्र्याच्या शेड आहेत, तिथे पत्रा दाबून कापणारे प्रेस आहेत, ग्राइंडर आहेत, पट्टे फिरतायत, आणि त्या सगळ्यांच्या जवळ माणसांचे हात आहेत. आठवड्याला तीन-चार हात तरी वॉर्डात येतात. सिस्टर बांधलेल्या फडक्याकडे बघून सांगतात की हे प्रेसचं आणि हे पट्ट्याचं. डॉक्टर बोट जोडतात, रक्ताच्या केसाएवढ्या नळ्या भिंगाखाली शिवतात आणि घरी जातात. पुढचे पाच दिवस ते बोट सिस्टरच्या ताब्यात असतं. दर तासाला जायचं, नखावर हलकं दाबायचं, सोडायचं, मनात एक-दोन म्हणायचं. पांढरं झालेलं नख तेवढ्यात पुन्हा गुलाबी झालं तर बोट जिवंत. नाही झालं, तर डॉक्टरांना फोन.

घरीही त्यांना ती खोड होती. टीव्ही बघता बघता शेजारी बसलेल्या नवऱ्याचं नख दाबून बघायच्या. गणराज म्हणायचा, "जिवंत हाय गं बाई. पगार होईपर्यंत तरी मरत नाही."

दोघं औसा तालुक्यातले. तिचं नर्सिंग लातूरला झालं, त्याचा आयटीआय फिटर. लग्न करून निगडीच्या ओटा स्कीम वसाहतीत आले ते तिथलेच झाले. गणराज खराबवाडीच्या एका शेडमध्ये डाय-सेटर होता, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा कापायचे साचे बसवणारा. शेड लक्ष्मणराव नावाच्या माणसाची, सहा प्रेसची. कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून गणराज उजव्या हाताचं पहिलं बोट फिरवायचा आणि सांगायचा, डाय घासायला झाली. मग कोणी मापाचं यंत्र आणून बघायचं, तर केसाच्या निम्म्याएवढी धार कडेला आलेली असायची. त्याच बोटांनी तो पोरीची वेणी घालायचा. विजयश्रीची पहिली शिफ्ट सहाला लागायची, त्यामुळे स्वप्नाली बालवाडीत होती तेव्हापासून वेणी हे बापाचं खातं. पोरगी बारावीला गेली तरी सकाळी पाठ करून त्याच्यासमोर बसायची. तिला स्वतःला येत नव्हती असं नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला लक्ष्मणरावांनी विजयश्रीला शेडवर बोलावलं. मशीन धुऊन पुसून झाल्या होत्या, प्रत्येक प्रेसला झेंडूचा हार होता. नारळ फुटला आणि लक्ष्मणराव म्हणाले, "सिस्टर, तुमच्याकडं आमची माणसं येऊच नयेत. पण दोन शब्द सांगा पोरांना."

सुजित नावाचा एक ऑपरेटर होता, तो कुठेही गप्प बसायचा नाही. "वहिनी, बोट तुटल्यावर ओव्हरटाइम मिळतो का तेवढं सांगा."

"तुझी जीभ तुटली तर आम्ही सगळे मिळून देऊ," गणराज म्हणाला. शेडभर हशा झाला.

विजयश्रीची दुसरी शिफ्ट होती. घड्याळात सव्वाबारा झाले होते. ती म्हणाली, "बोट तुटलं तर फेकून देऊ नका. बर्फात घालून आणा. जितकं लवकर आणाल तितकं बरं." टाळ्या पडल्या, पेढे आले, आणि ती पर्स उचलून निघाली. सगळं मिळून एक मिनिटही नसेल. दारापाशी टेकून उभे असलेले कोंडाजीबाबा मात्र मन लावून ऐकत होते.

कोंडाजीबाबा येलवाडीचे, देहूच्या पलीकडच्या तीरावरचे. तरुणपणी त्यांनी वीस वर्षं देहूत कुल्फीची गाडी चालवली. आता गुडघे गेले, म्हणून शेडवर वॉचमन आणि वरकामाला होते. गणराजवर त्यांचा जीव. डब्यातली अर्धी भाकरी त्याला दिल्याशिवाय जेवायचे नाहीत.

*

डॉ. अरुंधती हाताच्या सर्जन. दर वर्षी जानेवारीत सहा आठवडे त्या टांझानियाला जायच्या. इरिंगा भागात पाइनच्या जंगलांच्या मधोमध एक छोटं मिशनचं रुग्णालय होतं. आजूबाजूला लाकूड कापायच्या गिरण्या होत्या, आणि गिरण्यांमध्ये उघड्या करवती. डॉक्टर तिथे फुकट ऑपरेशनं करायच्या आणि तिथल्या डॉक्टरांना शिकवायच्या. त्या वर्षी त्या विजयश्रीला म्हणाल्या, "सिस्टर, मी बोट जोडून येते, पण मागे सांभाळणारं कोणी नसतं. तुम्ही चला. तिथल्या सिस्टर्सना शिकवा."

विजयश्रीनं जन्मात विमान आतून बघितलं नव्हतं. इंग्रजी कामापुरतं. सासूबाईंनी गावाहून फोनवर विचारलं, सहा आठवडे घर कोण बघणार? गणराजनं फोन हातातून घेतला. "आई, पोहे मला येतात, वेणी मला येते. अजून काय लागतं संसाराला?" आणि फोन ठेवून बायकोकडे वळला. "जा. आपल्या अख्ख्या गावातून लातूरच्या पुढं शिकवायला कोणी गेलं नाही."

तिथे पहिल्याच आठवड्यात तिला एक धडा मिळाला. एका गिरणीत साठ कामगारांसमोर ती बोलली. नीमा नावाची तिथली सिस्टर तिचं बोलणं स्वाहिलीत सांगत होती. तुटलेलं बोट स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळायचं. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची. मग ती पिशवी बर्फावर ठेवायची. बर्फ बोटाला लागता कामा नये. तिथे बर्फाला बराफू म्हणतात हे ऐकून विजयश्रीला एकदम घरच्यासारखं वाटलं. दहा मिनिटांत सांगून झालं, साठ माना हलल्या, आणि ती वह्या आवरू लागली.

नीमानं तिचा हात धरला. "सिस्टर, या माना तुमच्या वयाला मान म्हणून हलल्या. त्यांना करून दाखवायला लावा."

हिरव्या केळ्यांचे तुकडे आणले. पहिल्या माणसानं तुकडा थेट बर्फात टाकला. दुसऱ्यानंही. तिसऱ्यानं आधी बर्फात टाकला आणि मग वरून फडकं बांधलं. त्या दिवशी सगळे दोन वाजेपर्यंत तिथेच राहिले. प्रत्येकानं येऊन आधी तोंडानं सांगायचं, मग हातानं करायचं, असं साठही जणांचं होईपर्यंत नीमानं कोणाला सोडलं नाही.

त्या संध्याकाळी खोलीवर येताना विजयश्रीला अचानक खंडेनवमी आठवली. बर्फात घालून आणा. पुढचं आपण बोललोच नव्हतो. तिनं मनाशी ठरवलं, परत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात शेडवर जायचं आणि नीट सांगायचं. फोनवरून सांगावं असं काही तिच्या मनात आलं नाही. बाकी होते पाचच आठवडे.

तिसऱ्या आठवड्यात त्याच गिरणीतला एकजण अंगठा घेऊन आला. ओलं फडकं, पिशवी, गाठ, खाली बर्फ, सगळं जसंच्या तसं. डॉ. अरुंधतींनी आठ तास बसून तो जोडला, आणि पाच दिवस विजयश्री आणि नीमा आळीपाळीनं नख दाबत बसल्या. अंगठा गुलाबी राहिला. तिनं गणराजला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "इथं शेडमध्ये सगळ्यांना सांगतो. माझी बायको आफ्रिकेत अंगठे पेरायलीय म्हणून."

*

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी, ती वर्गात शिकवत असताना फोन वाजला. तिथे सकाळचे साडेअकरा होते, म्हणजे इकडे दुपारचे दोन. फोन हॉस्पिटलातल्या डॉ. अनिशचा होता. डॉ. अरुंधती नसताना हाताच्या केस तेच बघायचे.

"सिस्टर, गणराजला आणलंय. जिवाला धोका नाही, आधी तेवढं ऐका."

झालं होतं ते असं. पत्रा कापायची डाय बसवताना प्रेसनं आपोआप दुसरा ठोका मारला. उजव्या हाताची अंगठ्याजवळची पहिली दोन बोटं गेली. कापायची धारदार डाय होती, त्यामुळे जखम अगदी सरळ. अशी बोटं बसतात. असली जखम बघून डॉ. अरुंधती म्हणायच्या, चला, आज काम सोपं आहे.

"बोटं कशात आहेत?" तिनं विचारलं.

"जखम साफ आहे, सिस्टर," डॉ. अनिश म्हणाले.

"बोटं कशात आणली, सर?"

"बर्फात. स्टीलच्या डब्यात, थेट. आणि सिस्टर, त्यात मीठ घातलंय. मूठभर खडे मीठ. चौकात गाडी पावणेदोन तास अडकली होती. बर्फ वितळू नये म्हणून घातलं म्हणतात. डबा उघडला तर बोटं दगडासारखी गोठलेली. मी खूप वेळ बघत बसलो, पण आत काही उरलेलं नाही."

तिला पुढचं सांगायची गरज नव्हती. मिठानं बर्फ आणखी थंड होतो, इतका की त्यात दूध घट्ट गोठतं. कुल्फी अशीच होते. एकदा असं गोठलेलं मांस परत जिवंत होत नाही. आणि बोटांना एवढ्या बर्फाची गरजही नसते. दोन तास नुसत्या ओल्या रुमालात आणली असती तरी ती बसली असती.

"मीठ कोणी घातलं?"

"तो म्हातारा वॉचमन. बाहेर बसलाय. डबा मांडीवर घेऊन आला. अजून डब्याचं झाकण सोडत नाही."

वर्गातल्या बारा सिस्टर्स तिच्याकडे बघत होत्या. टेबलावर केळ्याचे तुकडे होते, पिशव्या होत्या. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सर, त्यांना मिठाचं सांगू नका. बोटं फार चिरडली होती, बसण्यासारखी नव्हती, असं सांगा. गणराजलाही तेच."

"सिस्टर..."

"कोंडाजीबाबा मरतील हो ऐकून. नका सांगू."

डॉ. अनिश बरं म्हणाले. नीमा जवळ आली. तिला मराठी कळत नव्हतं, पण फोन ठेवल्यावर विजयश्री खाली बसली तेव्हा तीही तिच्या शेजारी जमिनीवर बसली आणि पुन्हा पुन्हा एकच शब्द म्हणत राहिली, पोले, पोले. तिकडे दुःखात तसंच म्हणतात.

*

विजयश्री तिसऱ्या दिवशी घरी पोचली. गणराज पलंगावर बसला होता, हाताला मोठं पांढरं गाठोडं. तिला बघून म्हणाला, "दोन कमी भरली. बाकी माल ठीक हाय." आणि मग तोंड फिरवलं.

कोंडाजीबाबा रोज येत होते. येताना दुधाची पिशवी आणायचे आणि दारातच बसायचे. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "ताई, तुमी सांगितल्यापरमानं केलं बगा. रसवंतीवाल्याकडनं बर्फ आनला. पर ह्यो चौक! गाडी मुंगीवानी. मंग चौकातल्याच शालनबाईच्या मेसमदनं मीठ घेतलं मूठभर. आमच्या कुल्फीला घालायचो तसं. थेंबभर पानी होऊ दिलं न्हाई. पर नशिबात न्हवतं. दागतर म्हनले, चेंदा झाला व्हता."

"हो बाबा," विजयश्री म्हणाली. "चेंदाच झाला होता."

जखम भरली. विजयश्री त्याला रोज हाताचा व्यायाम द्यायची. तांदळाच्या पातेल्यात हात खुपसून मुठी वळायच्या, गुंड्या लावायच्या, लसूण सोलायचा. वेणी मात्र त्यानं एकदाच करून बघितली. तीन पेड घेतले, ते हातात राहीनात. स्वप्नाली पाठमोरी बसून होती, हलली नाही. दहा मिनिटांनी म्हणाली, "पप्पा, मी केस कापून टाकणारे. आता सगळ्या मुली तसंच करतात." गणराज म्हणाला, "हां, तेच बरं दिसंल." संध्याकाळी ती खरंच मानेपर्यंत केस कापून आली.

मार्चमध्ये नीमानं एक व्हिडिओ पाठवला. गिरणीतला तो माणूस जोडलेल्या अंगठ्यानं चहाचा कप उचलत होता. विजयश्री तो बघत असताना गणराज मागे येऊन उभा राहिला.

"हाच का तो?"

"हाच."

"बरं झालं," तो म्हणाला. मग थोड्या वेळानं, "पुन्हा लाव की एकदा."

तिनं पुन्हा लावला. त्यानं तो तीन वेळा बघितला.

*

मे महिन्यात गणराज परत शेडवर जाऊ लागला. लक्ष्मणरावांनी त्याला तयार माल तपासायच्या टेबलावर बसवलं. डाव्या हाताच्या बोटानं तो पत्र्याची कड बघायला शिकत होता. एक दिवस तो डबा विसरला म्हणून विजयश्री हॉस्पिटलला जाता जाता तो द्यायला आत गेली. प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी भिंतीवर एक नवा कागद चिकटवलेला होता. सुजितचं अक्षर: "बोट तुटल्यास: १) बर्फ २) खडे मीठ ३) लगेच हॉस्पिटल." खाली खिळ्याला मिठाची एक किलोची पिशवी टांगलेली.

"हे काय?"

सुजित अभिमानानं म्हणाला, "बाबांची आयडिया आहे, वहिनी. ट्रॅफिकवर उपाय. गणादाचं नशीब खराब होतं, माल चिरडलेला होता. पण पुढच्याचं तरी वाचंल. शेजारच्या दोन्ही शेडवाल्यांनी फोटो काढून नेलाय."

कोंडाजीबाबा फाटकाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी तिथूनच हात वर केला. विजयश्रीनंही केला. डबा टेबलावर ठेवला आणि ती बाहेर पडली. हॉस्पिटलला जायच्या बसमध्ये चढली आणि स्टॉप कधी गेला ते तिला कळलं नाही.

सांगितलं तर म्हातारा मोडणार होता. न सांगितलं, तर तिन्ही शेडमधल्या माणसांची बोटं अशीच डब्यात गोठून यायची होती. आणि हे दोन्ही तिनंच केलं होतं, एकदा अर्धं बोलून आणि एकदा खोटं बोलायला लावून.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी गणराज खिडकीशी बसून लसूण सोलत होता. स्वप्नाली क्लासला गेली होती. विजयश्री समोर बसली आणि सगळं सांगितलं. खंडेनवमी, मीठ, डॉ. अनिशचा फोन, चिरडल्याचं खोटं.

तो अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत पाकळी धरून साल ओढत राहिला. ती पाकळी संपली, दुसरी घेतली.

"नुसत्या रुमालात आणली असती तर?"

"बसली असती."

"दोन्ही?"

"एक तरी नक्की. बहुतेक दोन्ही."

"तीन महिने," तो म्हणाला, "तीन महिने मी मशीनला शिव्या घातल्या. लक्ष्मणरावाला घातल्या. देवाला घातल्या. आणि तू लसूण सोलायला द्यायलीस मला रोज."

तिनं खाली पडलेल्या साली गोळा केल्या.

"म्हाताऱ्याला सांगू नको," तो म्हणाला.

"भिंतीवर लिहिलंय ते?"

"ते खोड. कागद फाड. सरकारी नियम बदलला म्हण. त्याला नको सांगू."

"मग ते विचारतील का बदललं. शेजारचे विचारतील. मी पुन्हा अर्धं सांगू का, अहो? अर्धं सांगितलं म्हणून तर झालं हे."

गणराज उठून बाहेर गेला. त्या दिवशी तो तिच्याशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. ताट घ्यायचा, जेवायचा, कामाला जायचा. शनिवारी सकाळी बूट घालताना, तिच्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ये. लक्ष्मणरावाशी बोललोय मी. शेजारच्या शेडवाल्यांनाबी बोलावलंय."

*

सोमवारी तिनं काकड्या घेतल्या, फडकी, पिशव्या, थर्मासमध्ये बर्फ. पण आत जाण्याआधी ती फाटकाशी थांबली. कोंडाजीबाबांनी उठून स्टूल पुसलं आणि तिला दिलं. ती बसली नाही. त्यांनाच बसवलं आणि समोर उकिडवी बसली, वॉर्डात पेशंटशी बोलताना बसायची तशी.

"बाबा, माझी एक चूक सांगायची आहे. तुम्ही ऐकून घ्याल का?"

"तुमची कसली वो चूक, ताई?"

तिनं आधी आपलं सांगितलं. फडकं आणि पिशवी आपण सांगितलीच नाही हे सांगितलं. डॉक्टरांना खोटं बोलायला आपणच लावलं हे सांगितलं. मग मिठाचं. एकेक वाक्य सावकाश, आणि मधे थांबत. कोंडाजीबाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. हळूहळू त्यांची नजर खाली आली आणि स्वतःच्या तळव्यांवर थांबली.

"म्हंजी चेंदा न्हवता?"

"नव्हता."

"मीठ घातलं नसतं तर?"

हे ते विचारणार हे तिला माहीत होतं. घरून निघताना तिनं दोन उत्तरं तयार केली होती, एक खरं आणि एक मऊ.

"बसली असती, बाबा. पण तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. ते मी सांगायला हवं होतं."

"डबा मांडीव व्हता माज्या," ते म्हणाले. "गार लागत व्हता. म्हनलं, बरं हाय, गार हाय."

 जेवणाची घंटा झाली. विजयश्रीनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, उठली आणि आत गेली.

शेडमध्ये तीन शेडची मिळून तीसेक माणसं जमली होती. तिनं कागद काढून घेतला. काकडीचे तुकडे केले आणि नीमा करायची तसं केलं. एकेकाला पुढे बोलावलं, आधी तोंडानं, मग हातानं. कागदावर मीठ होतं, ते आता का नाही असं कोणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, मिठानं बोट गोठतं आणि मरतं. फ्रीझरला चिकटून काळी पडलेली कोथिंबीर आठवा. गणराज टेबलाशी उभा होता. सुजित पहिल्यांदाच गप्प होता. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं काही विनोद न करता तुकडा गुंडाळला आणि पिशवीची गाठ मारली.

सगळे झाले असं वाटलं तेव्हा दारातून आवाज आला.

"मला न्हाई इचारलं, ताई."

कोंडाजीबाबा गुडघ्यावर हात ठेवत पुढे आले. माणसं बाजूला झाली. त्यांनी तुकडा उचलला.

"स्वच्छ फडकं. वलं करून, पिळून. त्यात गुंडाळायचं." त्यांनी गुंडाळला. "पिशवीत घालायचं. गाठ." गाठ मारली, पुन्हा ओढून बघितली. "बर्फाव ठिवायची पिशवी. बोटाला बर्फ लागाया नगं."

"बरोबर, बाबा," विजयश्री म्हणाली. त्यांनी तिथेच थांबावं असं तिला वाटत होतं.

"आन् मीठ न्हाई टाकायचं." ते माणसांकडे वळले. "म्या टाकलं व्हतं. ह्या गणराजच्या बोटांव. बोटं चांगली व्हती. म्या टाकलं म्हून ऱ्हायली न्हाईत. त्ये ध्यानात ठेवा."

  गणराज टेबल सोडून त्यांच्याकडे आला आणि त्यानं डाव्या हातानं त्यांचा दंड धरला. म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतला. रागानं नाही, पण घेतला. मग खिळ्यावरची मिठाची पिशवी काढली, बगलेत धरली आणि फाटकाकडे चालत गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते कामावर आले नाहीत. मुलानं फोनवर सांगितलं, तब्येत ठीक आहे, नुसते बसून असतात. लक्ष्मणराव दोनदा जाऊन आले. विजयश्री एकदा गेली तेव्हा त्यांनी चहा करायला लावला, स्वप्नालीच्या निकालाचं विचारलं, आणि हातांकडे एकदाही बघितलं नाही, ना तिच्या, ना स्वतःच्या.

ऑगस्टमध्ये शेजारच्या शेडमधला एक पोरगा करंगळी घेऊन आला. ओलं फडकं, पिशवी, गाठ. चौकात दीड तास अडकला होता. करंगळी बसली. विजयश्रीनं पाच दिवस तिचं नख दाबलं आणि सहाव्या दिवशी येलवाडीला कोंडाजीबाबांच्या मुलाच्या फोनवर निरोप ठेवला. उत्तर आलं नाही.

डॉ. अरुंधतींनी पुढच्या जानेवारीचं विचारलंय. नीमाचेही मेसेज येतात. विजयश्रीनं अजून काही कळवलेलं नाही. गणराज जा म्हणतो, पण आधीसारखं हसून नाही.

दर गुरुवारी तो येलवाडीला जातो. दोघं अंगणात बसतात. काय बोलता विचारलं तर म्हणतो, काही नाही, ते गाईला चारा टाकतात, मी बघतो. एरवी गणराजनं हात लपवणं कधीच सोडलंय. बसमध्ये, बाजारात, शेडवर, तो उजवा हात उघडा टाकून फिरतो. येलवाडीला जाताना तेवढा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, उन्हाळा असो की काही. उजवी बाही बोटांपर्यंत खाली ओढून घेतो. डाव्या बाहीची गुंडी त्याला उजव्या हातानं लावता येत नाही, म्हणून तो दारात थांबतो आणि हात पुढे करतो. विजयश्री गुंडी लावते. मग सवयीनं त्याच हाताचं एखादं नख दाबते, सोडते, एक-दोन म्हणते, आणि तो निघतो.